ऐन एप्रिलात बिलं अडली, आता डेटाबेस विकतचा घेऊ की ओपन सोर्स?

पत्र: "नमस्कार दादा. देवगडला आमचा आंब्याचा आणि काजूचा धंदा आहे. सासऱ्यांनी उभा केला, आता ऑफिस आणि हिशेब मी बघते. साधारण ६०० बागायतदारांचा माल आमच्याकडे येतो, वाशीला गाळा आहे, काजूचा छोटा कारखाना आहे, सगळीकडचे मिळून १२ कॉम्प्युटर. २०१५ साली ओळखीच्या एका मुलाने प्रोग्रॅम करून दिला होता, त्याच्या खाली मायक्रोसॉफ्टचा फुकट डेटाबेस एसक्यूएल सर्व्हर २०१४ एक्स्प्रेस आहे. या एप्रिलमध्ये अचानक बिलं सेव्ह होईनात, १०२४० एमबीची लिमिट संपली असा मेसेज यायला लागला. शेवटी मागच्या काही वर्षांच्या नोंदी काढून टाकल्या तेव्हा चालू झालं, पण दोन दिवस वहीवर काम केलं. आता एक कंपनी म्हणते त्याचाच विकतचा, लायसनवाला स्टँडर्ड घ्या, कोअरच्या (प्रोसेसरच्या भागांच्या) हिशेबाने कोटेशन दिलंय. भाचा इंजिनिअरिंगला आहे तो म्हणतो पोस्टग्रेस हा दुसरा डेटाबेस टाका, फुकट आहे, ओपन सोर्स आहे. मामंजी म्हणतात फुकटच्या वस्तूची जबाबदारी कोण घेणार, आणि ओपन म्हणजे आपले भाव सगळ्या जगाला दिसणार का? सीए म्हणतात काय बदलायचं ते १ एप्रिलला बदला. बागायतदारांना मोबाईलवर स्वतःचा हिशेब दिसावा असं माझ्या फार मनात आहे. प्रोग्रॅम करणारा मुलगा आता पुण्याला नोकरीला असतो, फोन उचलतो. मी काय करू?" (एक सून, देवगड)

ताई, तुमचं पत्र वाचून पहिल्यांदा एकाच वाक्यावर अडकलो. मागच्या काही वर्षांच्या नोंदी काढून टाकल्या असं तुम्ही लिहिलंय. त्या काढायच्या आधीचा बॅकअप तुमच्याकडे आहे का, आणि असला तर तो दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून कुणी बघितलाय का? बाकीचं मी खाली लिहितोच, पण हे आजच्या आज बघा, कारण जीएसटीचे हिशेब वार्षिक रिटर्नच्या ड्यू डेटपासून ७२ महिने ठेवावे लागतात आणि एकदा कुठली नोटीस आली की जागा करायला पुसलं हे उत्तर चालत नाही. बॅकअप सापडला तर त्याची एक कॉपी एक्स्टर्नल डिस्कवर घ्या, ती डिस्क ऑफिसात न ठेवता घरी ठेवा, आणि मग पुढचं वाचा.

मी एवढी घाई का करतोय ते सांगतो. २२ जुलै २०२१ ला चिपळूणला वाशिष्ठीचं पाणी बाजारात शिरलं तेव्हा एका होलसेलवाल्याच्या दुकानातला सर्व्हर खालच्या मजल्यावर टेबलावर होता, पूर्ण पाण्याखाली गेला. मला वाटलं काळजी नाही, वरच्या मजल्यावर बॅकअपची डिस्क आहे, ती मीच लावून दिली होती. डिस्क कोरडी होती. लावून बघितली तर मार्चपासूनच्या सगळ्या फायली शून्य केबीच्या, कारण डिस्क मार्चमध्येच भरली होती आणि रोज रात्री बॅकअप चालू होऊन फेल होत होता आणि तो एरर बघणारं कुणी नव्हतं. पुढचे तीन आठवडे त्या कुटुंबातली माणसं चिखलातून काढलेली बिलं उन्हात वाळवून एकेक नोंद परत करत होती आणि मी त्यांच्याबरोबर बसलो होतो. चूक माझी होती, बॅकअप लावला पण एकदाही तो उघडून बघितला नाही. आणि त्यांचा डेटाबेस विकतचा, पूर्ण लायसनवाला होता.

हे मोठ्यांच्याही बाबतीत होतं. गिटलॅब म्हणून सॉफ्टवेअरवाल्यांची मोठी साइट आहे, ती पोस्टग्रेसवर चालते, ३१ जानेवारी २०१७ ला त्यांच्या माणसाकडून चुकीच्या सर्व्हरवरचा डेटा पुसला गेला आणि मग कळलं की रोजचा बॅकअप व्हर्जन जुळत नसल्यामुळे कधीपासून होतच नव्हता, सूचना देणारे ईमेलही पोचत नव्हते. साधारण सहा तासांचा डेटा कायमचा गेला. म्हणजे विकतचा काय आणि फुकटचा काय, बॅकअप उघडून बघितला नसेल तर दोन्ही सारखेच बुडवतात. तुमच्या एक्स्प्रेसमध्ये तर वेळ लावून आपोआप काम करणारा एजंट येतच नाही, त्यामुळे तुमचा रोजचा बॅकअप विंडोजच्या टास्क शेड्युलरमधून होतोय की त्या मुलाने सांगितलं म्हणून कुणीतरी हाताने करतंय की होतच नाहीये हे मला पत्रातून कळलं नाही, ते त्याला फोन करून विचारा.

आता लिमिटचं. १० जीबी ही लिमिट एका डेटाबेसच्या डेटा फाइलला आहे, लॉगची फाइल, म्हणजे झालेल्या बदलांची नोंद, त्यात मोजत नाहीत. तुमच्या धंद्यात एका पावतीच्या नोंदी फार तर ३ केबी धरा, वर्षाला १ लाख पावत्या धरल्या तरी ३०० एमबी होतात, दहा वर्षांत ३ जीबी. मग १० जीबी कशाने भरले? माझा अंदाज फोटो. वजनाच्या स्लिपा, बागायतदारांचे आधार, पासबुक, ट्रकच्या पावत्या, हे सगळं मोबाईलने काढून प्रोग्रॅममध्ये चढवत असाल, आणि एक फोटो अडीच एमबीचा धरला तर ४००० फोटोंत १० जीबी संपतात. मॅनेजमेंट स्टुडिओ म्हणून एसक्यूएल सर्व्हर सांभाळायचा प्रोग्रॅम असतो, त्यात डेटाबेसवर राइट क्लिक करून रिपोर्ट्समध्ये कुठल्या टेबलने किती जागा खाल्ली तो रिपोर्ट निघतो, तो त्या मुलाकडून काढून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. फोटोच निघाले तर ते डेटाबेसबाहेर एका फोल्डरमध्ये ठेवायचे आणि डेटाबेसमध्ये फक्त त्याचा पत्ता ठेवायचा. किंवा लिमिट प्रत्येक डेटाबेसला वेगळी आहे म्हणून फोटोंना दुसरा डेटाबेस करून द्यायचा. रिकामी झालेली जागा आपोआप परत वापरली जाते, त्यासाठी श्रिंक, म्हणजे फाइल आकसवणं, वगैरे करत बसू नका. हे झालं की मागच्या वर्षांच्या नोंदी बॅकअपमधून परत आत घ्या.

आणि एक तिसरा रस्ता आहे जो ना कोटेशनवाल्याने सांगितला ना भाच्याने. एसक्यूएल सर्व्हर २०२५ च्या एक्स्प्रेसमध्ये मायक्रोसॉफ्टने ही लिमिट १० वरून ५० जीबी केलीय. तोही फुकटच आहे. तुमचा २०१४ चा बॅकअप त्यात रिस्टोअर होतो, प्रोग्रॅममध्ये जवळपास काही बदलावं लागत नाही, फक्त ज्या मशीनवर टाकणार तिची विंडोज तेवढी नवीन हवी. शिवाय २०१४ चा सपोर्ट ९ जुलै २०२४ ला संपलाय, म्हणजे त्यात आता काही भोक सापडलं तरी ते बुजवणारं अपडेट तुम्हाला येणार नाही, तेव्हा तिथून हलायला तर हवंच. पाऊस सुरू झाला, माल थांबला की पहिल्याच आठवड्यात हे करून टाका. याला खर्च म्हणजे त्या मुलाचे दोन दिवस आणि त्याचा देवगडला येण्याजाण्याचा खर्च.

म्हणजे तुमच्या डोक्यावरची तलवार आधी काढून घ्या. गळ्याशी आलं असताना माणूस जो निर्णय घेतो तो कोटेशनवाल्याच्या सोयीचा असतो.

त्या कोटेशनबद्दल. मी आकडा बघितलेला नाही पण पद्धत सांगतो म्हणजे तुम्हीच तपासू शकाल. स्टँडर्ड दोन तऱ्हेने मिळतो. एक कोअरप्रमाणे, त्यात दोन दोन कोअरचे पॅक असतात आणि कमीत कमी चार कोअरचं लायसन घ्यावंच लागतं, मशीन छोटी असली तरी. २०२२ व्हर्जनची अमेरिकेतली छापील किंमत एका पॅकला ३९४५ डॉलर, म्हणजे दोन पॅकचे ७८९० डॉलर. दुसरी तऱ्हा म्हणजे सर्व्हरचं एक लायसन आणि वापरणाऱ्या प्रत्येक माणसामागे किंवा मशीनमागे एक कॅल, क्लायंट ॲक्सेस लायसन. सर्व्हर ९८९ डॉलर आणि एक कॅल २३०. तुमच्या १२ मशीनला ९८९ अधिक २७६० म्हणजे ३७४९ डॉलर, निम्म्याहून कमी. आपल्याकडचा डीलर कमीजास्त भाव लावेल पण गुणोत्तर असंच राहतं. तर कोटेशनवाल्याला सरळ विचारा की आमच्या १२ मशीनला कॅलचा हिशेब का नाही दिलात.

पण लगेच त्याला लबाड ठरवू नका, कारण तुमच्या मोबाईलच्या योजनेने हा सगळा हिशेब उलटा होतो. ६०० बागायतदार आपापल्या फोनवरून हिशेब बघणार, मध्ये तुमची वेबसाइट असेल, डेटाबेसला थेट फक्त ती वेबसाइट जोडलेली असेल, मग एकच कॅल लागेल असं कुणालाही वाटतं. तसं नाही. मध्ये काहीही घातलं तरी पलीकडे जेवढी माणसं तेवढी कॅल मोजायची असा नियम आहे, मग ती तुमची नोकर असोत नाहीतर बाहेरची. ६०० गुणिले २३० करून बघा, १ लाख ३८ हजार डॉलर. त्यापेक्षा मग कोअरवालंच स्वस्त. एक्स्प्रेसला कॅल लागत नाही हे खरं, पण त्याला साधारण दीड जीबीच्या आतच मेमरी वापरता येते आणि चारपेक्षा जास्त कोअर नाहीत. आणि तुमच्या कामाला अडेल अशी आणखी एक गोष्ट म्हणजे एक्स्प्रेस आपली चालती कॉपी दुसऱ्या सर्व्हरला पाठवू शकत नाही, दुसऱ्याकडची घेऊ शकतो फक्त.

ही चालती कॉपी मला तुमच्यासाठी का हवी आहे ते समजून घ्या. बिलिंगचा सर्व्हर तुम्ही देवगडच्या ऑफिसातच ठेवा, क्लाउडवर टाकू नका, कारण नेट गेलं की बिलं थांबतील आणि आपल्याकडे मे महिन्यात एक वादळ आलं की काय होतं ते तुम्ही २०२१ च्या तौक्तेत बघितलंय, खांब आडवे, लाईट नाही, टॉवर बंद. इन्व्हर्टरवर सर्व्हर आणि दोन मशीन चालल्या तरी आलेला माल लिहून घेता येतो. पण बागायतदारांना मोबाईलवर दाखवायचं तर त्यांना तुमच्या ऑफिसातल्या सर्व्हरमध्ये इंटरनेटवरून शिरू देणं अजिबात बरोबर नाही. तेव्हा मूळ डेटाबेस ऑफिसात, आणि त्याची आपोआप अपडेट होत राहणारी, फक्त वाचता येणारी कॉपी बाहेर मुंबईच्या कुठल्यातरी डेटा सेंटरमध्ये, आणि मोबाईलवाले त्या कॉपीवरून वाचणार. नेट गेलं तर कॉपी थोडी मागे पडेल, आलं की गाठेल, फक्त नेट जास्त दिवस गेलं तर तोपर्यंतचा लॉग साठवायला डिस्कवर जागा मोकळी ठेवावी लागते. ही सोय पोस्टग्रेसमध्ये मुळातच आहे, तिचे वेगळे पैसे नाहीत, वापरणारी माणसं १२ असोत की १२०० तिथे कुणी मोजत नाही. बागायतदाराला त्याच्या पेटीचा भाव, हमाली, कमिशन, ॲडव्हान्सची वजावट हे घरबसल्या दिसणं याची किंमत मला माहितीय ताई. पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचा कागद, हातात पडेपर्यंत वाट बघणारी माणसं माझ्या घरात होती.

मामंजींचे दोन्ही प्रश्न अगदी रास्त आहेत. ओपन सोर्समध्ये ओपन असतो तो डेटाबेस बनवणाऱ्यांनी लिहिलेला प्रोग्रॅम, तुमचा डेटा नाही. कुलूप कसं बनतं त्याचा नकाशा सगळ्यांना बघायला मिळतो, तुमच्या तिजोरीची किल्ली तुमच्याकडेच असते, आणि नकाशा उघडा असल्यामुळे त्यातल्या चुका जगभरातली माणसं शोधून दुरुस्त करतात. तुमचे भाव बाहेर जातील ते सगळ्यांना माहीत असलेल्या पासवर्डमुळे, आणि तो धोका आत्ताच्या सिस्टिमलाही आहे. एसए नावाच्या मुख्य युजरचा पासवर्ड किती जणांना माहीत आहे ते एकदा मोजा.

आणि जबाबदारी. विकतच्या लायसनचे कागद नीट वाचले तर त्यातही तुमच्या बुडालेल्या सीझनची भरपाई देऊ असं कुणी लिहून देत नाही. पैशाने मिळतो तो वापरायचा हक्क आणि अपडेट, रात्री दहाला फोन उचलणारा माणूस त्याचे वेगळे पैसे घेतो, दोन्हीकडे. पोस्टग्रेसला मालक कंपनी नाही, १९८६ ला अमेरिकेत बर्कली विद्यापीठात त्याचं काम सुरू झालं, १९९६ पासून आत्ताचं नाव आहे, दरवर्षी एक नवं व्हर्जन येतं आणि प्रत्येक व्हर्जनला ५ वर्षं दुरुस्त्या मिळतात. पैसे देऊन सपोर्ट हवा असेल तर तो देणाऱ्या कंपन्या आहेत, त्यातल्या एंटरप्राइजडीबीचं मोठं ऑफिस पुण्यातच आहे, तुमच्या एवढ्या कामाला तेवढं लागणार नाही पण मामंजींना सांगायला बरं. आपल्याकडचं उदाहरण म्हणाल तर शेअरवाली झिरोधा पोस्टग्रेस वापरते, आणि केंद्र सरकारने २०१५ सालीच सरकारी सिस्टिममध्ये ओपन सोर्सला प्राधान्य द्यायचं धोरण काढलंय.

मालक कंपनी नसणं याला मी महत्त्व देतो. मायएसक्यूएल बघा, ते पण ओपन सोर्स, १९९५ चं, स्वीडनच्या एका कंपनीचं. २००८ ला ते सन नावाच्या अमेरिकन कंपनीने विकत घेतलं, २०१० ला सनलाच ओरॅकलने घेतलं, आणि ज्याने मायएसक्यूएल बनवलं होतं त्यानेच २००९ ला वेगळं होऊन मारियाडीबी काढलं. चालतंय अजून दोन्ही, वाईट नाही, मुंबईत बनलेलं, धंद्याचा कारभार सांभाळणारं ईआरपीनेक्स्ट मारियाडीबीवरच चालतं. पण ज्या ओपन सोर्समागे एकच कंपनी आहे तिथे कंपनीचं मन बदललं की लायसन बदलतं, मोंगोडीबी आणि रेडिस हे असेच डेटाबेस, मोंगोडीबीने २०१८ ला बदललं, रेडिसने २०२४ ला बदललं आणि २०२५ ला परत ओपन सोर्सकडे आले. दहा वर्षांसाठी काही निवडायचं तर हे बघावं लागतं.

आता भाच्याला सांगायचं ते. पोस्टग्रेस फुकट आहे पण तुमचा प्रोग्रॅम त्याच्यावर नेणं फुकट नाहीये, आणि मला वाटतं जुना प्रोग्रॅम तिकडे नेऊच नये. त्या मुलाला एक विचारा की हिशेबाचे नियम, म्हणजे कमिशन, घट, ॲडव्हान्सवरचं व्याज, हे त्याने प्रोग्रॅममध्ये लिहिलेत की स्टोअर्ड प्रोसिजरमध्ये, म्हणजे डेटाबेसच्या आतच साठवलेल्या छोट्या प्रोग्रॅममध्ये. २०१५ च्या पद्धतीने बहुतेक प्रोसिजरमध्ये असतील, आणि त्या मायक्रोसॉफ्टच्या बोलीत लिहिलेल्या असतात, पोस्टग्रेसची बोली वेगळी, एकेक बसून परत लिहावी लागते. टेबलं आणि डेटा हलवायला पीजीलोडर सारखी टूल्स आहेत, ते काम एका रात्रीत होतं, पण नियम हलवणारं टूल जे काही देतं ते माणसाला तपासावंच लागतं. आणि काही फरक असे बारीक असतात की ते आधी कळत नाहीत. एसक्यूएल सर्व्हर नेहमीच्या सेटिंगला कॅपिटल आणि स्मॉल अक्षर एकच धरतो, पोस्टग्रेस वेगळं धरतो. एसक्यूएल सर्व्हरमध्ये कोडच्या शेवटी चुकून स्पेस पडली असली तरी तो जुळवून घेतो, पोस्टग्रेसमध्ये तो दुसराच कोड होतो, आणि मग एकाच बागायतदाराची दोन खाती दिसायला लागतात, अर्धी उचल एकात, अर्धी दुसऱ्यात. मी हे एका ठिकाणी बघितलंय आणि त्या माणसाला आपल्याला फसवलं असं वाटलं होतं, समजावताना फार जड गेलं.

नावांचंही बघा. २०१५ चा प्रोग्रॅम आहे, बागायतदारांची मराठी नावं जर श्रीलिपी किंवा कृतिदेव सारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केली असतील तर डेटाबेसमध्ये ती मराठी नाहीतच, फाँट काढला की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. मोबाईलवर तो फाँट नसणार. तेव्हा सगळी नावं युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनवर मराठी दिसते त्या पद्धतीत, बदलावी लागतील, कन्व्हर्टर मिळतात पण जोडाक्षरं आणि रफार चुकतात, म्हणून ६०० नावं कुणीतरी डोळ्यांनी वाचायला हवीत. तुमच्या ऑफिसात जी व्यक्ती या सगळ्यांना ओळखते तिलाच बसवा. हे काम पावसाळ्यात आत्तापासून करता येतं आणि डेटाबेस कुठलाही घेतलात तरी ते लागणारच आहे.

तर माझा सल्ला. स्टँडर्ड घेऊ नका. या पावसाळ्यात आहे तोच प्रोग्रॅम २०२५ एक्स्प्रेसवर न्या आणि फोटो बाहेर काढा, पुढचे दोन सीझन आरामात निघतील. नवीन प्रोग्रॅम तुम्हाला मोबाईलसाठी कसाही करावाच लागणार आहे, तो सुरुवातीपासून पोस्टग्रेसवर करून घ्या, घाई न करता, तुकड्यातुकड्याने. पहिला तुकडा बागायतदारांचा मोबाईल हिशेब, रोज रात्री जुन्यातला डेटा नव्यात ओतायचा आणि तिथून दाखवायचा, त्यात काही बिघडलं तरी बिलिंग थांबत नाही. तो एका सीझनमध्ये घासून निघाला, बागायतदारांनी चुका दाखवल्या (ते दाखवतीलच, एका पेटीचा फरक त्यांच्या नजरेतून सुटत नाही), की मग काजूचा कारखाना, आणि सगळ्यात शेवटी आंब्याचं बिलिंग. तोपर्यंत बाहेरची कॉपी रात्रीची चालेल, बिलिंग पोस्टग्रेसवर आलं की मग ती चालती कॉपी लावायची.

एक अट मात्र आहे. पोस्टग्रेस सांभाळणारा किमान एक माणूस तुमच्या हाकेच्या अंतरावर मिळायला हवा, कणकवली, रत्नागिरी, कोल्हापूर, गोवा, कुठलाही, आणि त्याच्याशी वर्षाचा करार हवा. लायसनचे वाचलेले पैसे वाचले असं समजू नका, ते या माणसाला जाणार आहेत. असा माणूस खूप शोधूनही मिळाला नाही तर मग एसक्यूएल सर्व्हरवरच राहा, त्याचं काम येणारी माणसं जास्त आहेत, मी त्याला चूक म्हणणार नाही.

सीएंचं १ एप्रिलचं म्हणणं हिशेबाच्या दृष्टीने बरोबर आहे पण तुमच्यासाठी ती वर्षातली सगळ्यात वाईट तारीख आहे. १ एप्रिलला हापूस जोरात असतो, काजू बी येत असते, ट्रक रोज निघतात. त्या दिवशी नवीन सिस्टिम चालू करणं म्हणजे भर वाऱ्यात होडीचं शीड बदलणं. सीएंना सांगा की आम्ही नुसते बॅलन्स पुढे ओढणार नाही, जुन्या सगळ्या नोंदींसकट हलणार आहोत, मग वर्षाच्या मध्ये बदललं तरी हिशेब तुटत नाही. दिवाळीनंतरची कुठलीही महिन्याची १ तारीख धरा. त्याआधी एक महिना दोन्ही सिस्टिम बरोबर चालवा आणि रोज संध्याकाळी जुळवा, नोंदींची संख्या जुळवून भागत नाही, प्रत्येक बागायतदाराची बाकी, पेट्यांचा स्टॉक, मागच्या प्रत्येक महिन्याचा जीएसटी, सगळं पैशापर्यंत जुळायला हवं. आणि रकमेचे कॉलम न्युमेरिक टाइपचे, म्हणजे नेमका आकडा ठेवणारे, आहेत ना हे आधी विचारा, फ्लोट म्हणजे जवळपासचा आकडा ठेवणारे असतील तर पैशांचे फरक येत राहतात. फर्म प्रायव्हेट लिमिटेड असेल तर १ एप्रिल २०२३ पासून कुठली नोंद कुणी कधी बदलली याचा माग ठेवणारं सॉफ्टवेअर सक्तीचं आहे, आणि हिशेबाचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज हवा, हे नवीन प्रोग्रॅम करणाऱ्याला पहिल्याच दिवशी लिहून द्या, नंतर बसवायला फार कटकटीचं जातं.

त्या पुण्याच्या मुलाबद्दल शेवटचं. तो फोन उचलतो ही मोठी गोष्ट आहे, पण आत्ता तुमचा सगळा धंदा डेटाबेसपेक्षा त्याच्या फोनवर अवलंबून आहे हे तुमच्या लक्षात आलंय का? सोर्स कोड, म्हणजे त्याने मूळ लिहिलेला प्रोग्रॅम, त्याच्या लॅपटॉपवर असेल. तो त्याच्याकडून मागून घ्या, गोड बोलून, त्याच्या मेहनतीचे योग्य पैसे देऊन, स्टोअर्ड प्रोसिजर, पासवर्ड, सगळं. आणि एका सुट्टीत त्याला देवगडला बोलवा, नवीन कोऱ्या मशीनवर तो प्रोग्रॅम त्या कोडवरून आणि तुमच्या बॅकअपवरून त्याच्या समोर, त्याने कीबोर्डला हात न लावता, तुमच्या भाच्याने उभा करून दाखवायचा. जिथे अडेल ते वहीत लिहून घ्यायचं. माझ्या मते लायसन आणि पोस्टग्रेसच्या आधी तुम्हाला हा एक दिवस हवाय, आणि नवीन माणसाशी करार करतानाही कोड आमचा, पासवर्ड आमचे, हे पहिल्या ओळीत घाला.

रिपोर्टमध्ये कुठल्या टेबलने किती जागा खाल्लीय आणि प्रोसिजर किती आहेत एवढं कळवा, म्हणजे नवीन प्रोग्रॅमला साधारण किती महिने धरायचे ते मी सांगू शकेन. आणि पुसलेल्या नोंदींचा बॅकअप सापडला की नाही ते त्याच्याही आधी कळवा, मला त्याचीच काळजी लागून राहिलीय.